भुयारी मेट्रो स्थानक आपल्या चौकात होताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोचं नाव निघालं तसे सातारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रश्न यायला लागले. सोसायट्यांचे सेक्रेटरी, दुकानदार, बंगलेवाले, भाडेकरू, सगळेच विचारतात, आणि फिरून फिरून तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. पहिल्या टप्प्यात शिवाजीनगर ते स्वारगेट पट्ट्यात काय झालं, ते पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बोगदा आणि स्थानक एकच मशीन खोदतं का?

नाही. बोगदा टीबीएम नावाचं लांबलचक यंत्र खोदतं. त्याचं गोल तोंड फिरत पुढे जातं आणि मागे काँक्रीटच्या तुकड्यांची कडी बसत जाते. पुण्यात अशा यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नावं दिली होती. स्थानक मात्र गोल नसतं. तो एक मोठा चौकोनी खड्डा असतो, त्याला साइटवर ‘बॉक्स’ म्हणतात. वरच्या मजल्यावर तिकीट आणि गेट, खालच्यावर प्लॅटफॉर्म. दोन्ही टोकांना पंखे, वीज आणि पंप यांच्या खोल्या असतात, म्हणून बॉक्स प्लॅटफॉर्मपेक्षा बराच लांब होतो.

हा बॉक्स करायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक म्हणजे तळापर्यंत खोदायचं आणि खालून वर बांधत यायचं. दुसरी म्हणजे कडेच्या भिंती उतरवून आधी वरचा स्लॅब टाकायचा, त्यावरून रस्ता चालू करायचा आणि खाली खोदत जायचं. दुसरीत वाहतूक लवकर सुटते, पण काम किचकट आणि महाग. जिथे वर जागाच नाही तिथे छोटा शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, उतरवून आडवं खोदत जातात.

तुमच्या चौकात यातली कुठली पद्धत आहे, हे पहिल्याच बैठकीत विचारा. रस्ता किती महिने बंद राहणार, हे त्यावरच ठरतं.

२. वरून मेट्रो नेली असती तर खर्च वाचला नसता का?

वाचला असता. कात्रज मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली तेव्हा लांबी ५.४६ किलोमीटर आणि खर्च २,९५४.५३ कोटी रुपये होता. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५४१ कोटी. खांबांवरची मेट्रो याहून पुष्कळ स्वस्तात होते.

पण सातारा रस्त्यावर आधीच उड्डाणपूल आहेत आणि मधोमध बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेला मार्ग, आहे. तीच ती, २००६ मध्ये देशातली पहिली म्हणून सुरू झालेली. या रस्त्यावर आणखी खांब उभे करायला जागा काढायची कुठून? पेठांत तर तो विचारही शक्य नव्हता. लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या पुलाची उंची विसर्जन मिरवणुकीच्या आड येते म्हणून केवढा वाद झाला, ते आठवा. तो तर नदीवरचा मोकळा भाग होता.

३. स्थानकं इतक्या लांब लांब का? आमच्या इथे का नाही?

स्थानक हाच भुयारी मार्गाचा सर्वांत महागडा भाग असतो. म्हणून आराखड्यात आधी कात्री तिथेच लागते. कात्रज मार्गावर सुरुवातीला मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानकं होती. मधल्या वस्त्यांमधून मागणी लावून धरली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी आणि बालाजीनगर ही दोन वाढवली, आणि कात्रजचं स्थानक दक्षिणेकडे सुमारे ४२१ मीटर सरकवायलाही मान्यता दिली. त्यासाठीचा वाढीव खर्च सुमारे ६८३ कोटी.

जागा ठरवताना प्रवासी हा एक मुद्दा झाला. बाकीचे मुद्दे जमिनीखालचे. प्लॅटफॉर्म शक्यतो सरळ आणि जवळपास सपाट लागतो. मेट्रोचा मार्ग जास्तीत जास्त शंभराला चारपर्यंत चढू शकतो, स्थानकात मात्र चढ हजाराला एकपेक्षा जास्त ठेवत नाहीत. स्वारगेटहून कात्रजकडे सगळा चढच आहे, हे सायकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे ‘आमच्या गेटसमोर द्या’ असं म्हणताना तिथे तेवढा सरळ, सपाट तुकडा बसतो का, हेही विचारावं लागतं. शिवाय वर बांधकामाला आणि जिन्यांना मोकळी जागा हवी. शहरात ती बहुधा सरकारी कार्यालयाचं आवार, आगार किंवा मैदान अशीच सापडते.

४. हे सगळं ठरवतं कोण?

शहराचा सर्वंकष वाहतूक आराखडा, मग पर्यायांचा अभ्यास, मग डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने हा क्रम घालून दिला आहे. डीपीआर महापालिका, राज्य आणि केंद्र या पायऱ्या चढतो. बांधकाम महामेट्रो करते. या कंपनीत केंद्र आणि राज्य यांचा निम्मा निम्मा वाटा आहे. पैशांचा मोठा भाग कर्जाचा असतो. पहिल्या टप्प्यासाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेकडून ६० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास संस्थेकडून २४.५ कोटी युरो असं कर्ज आलं.

कर्ज देणाऱ्या संस्थेची नावं उगाच दिलेली नाहीत. युरोपियन बँकेची स्वतःची तक्रार यंत्रणा आहे, आणि पुनर्वसन किंवा पर्यावरण यांबाबत कोणीही बाधित माणूस तिथे लिहू शकतो. आपल्याकडे हे फार कमी लोकांना माहीत असतं.

५. आमची सूचना किंवा हरकत कधी उपयोगी पडते?

निविदा निघण्याआधी. स्थानकाचा बॉक्स कुठे, दारं किती आणि कुठल्या बाजूला, लिफ्ट कुठे उघडणार, हे सगळं तोवर कागदावर हलू शकतं. कंत्राट दिल्यावर दार दहा मीटर सरकवायचं म्हटलं तरी पैसे आणि मुदत दोन्ही वाढतात, त्यामुळे उत्तर ठरलेलं असतं. लोक जागे होतात ते बॅरिकेड लागल्यावर. तोपर्यंत बोलण्यासारखं निम्मं संपलेलं असतं.

डीपीआर आणि स्थानकाचा आराखडा मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. मागताना ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक स्थानकाचा सामान्य मांडणी आराखडा, प्रवेशद्वारांच्या जागांसह’ असं नेमकं मागा.

६. आमच्या रस्त्यावर तिकाटणं उभारून ड्रिल मारतायत. काम सुरू झालं का?

नाही, ती माती-दगडाची तपासणी आहे. बोअर मारून दगडाचे लांब गोल तुकडे काढतात आणि लाकडी किंवा पत्र्याच्या पेट्यांत खोलीप्रमाणे लावून ठेवतात. कधी संधी मिळाली तर त्या पेटीत डोकावून पाहा. वर रस्त्याचा भराव, मग मुरूम, मग मोकळा झालेला भेगाळ दगड आणि खाली सलग काळा कातळ. आपल्या पायाखालचं पुणं त्या पेटीत ओळीने मांडलेलं असतं.

७. पुण्यात कातळ आहे म्हणजे काम सोपं असेल ना?

अर्धं सोपं. दख्खनचा हा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि सलग मिळाला तर उत्तम उभा राहतो. खड्ड्याच्या भिंतीला दगडात बोल्ट ठोकून वर काँक्रीटचा फवारा मारला की भागतं. मुंबईत समुद्राजवळ किंवा कोलकात्यात नदीच्या गाळात जो त्रास होतो, तो इथे नाही.

पण लाव्हा एकदम आलेला नाही, थरावर थर साचलेत. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा असतो. तो कोरडा असताना घट्ट वाटतो आणि पाणी लागलं की भिजलेल्या साबणासारखा होतो. भेगांमधून पाणी वाहतं. कठीण दगडात टीबीएमचे कटर झिजतात आणि बदलायला यंत्र थांबवावं लागतं. कठीण, मऊ, पुन्हा कठीण असं आलं की यंत्र चालवणाऱ्याची कसोटी लागते. म्हणून बोअर कमी मारून वाचवलेले पैसे पुढे दामदुपटीने जातात.

८. आधी नुसताच रस्ता खणून ठेवतात आणि महिनोन्‌महिने काही होताना दिसत नाही. असं का?

कारण रस्त्याखाली मोकळी जमीन नाही. पिण्याच्या पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज, पावसाळी गटार, महावितरणच्या केबल, गॅसची पाइपलाइन, टेलिफोन आणि आता फायबर. बॉक्स बांधायचा तर हे सगळं आधी बाजूला न्यायचं आणि एक दिवसही बंद ठेवायचं नाही. प्रत्येक वाहिनीचं खातं वेगळं, मंजुरी वेगळी, रात्रीची वेळ वेगळी. नकाशावर दाखवलेली लाइन तिथे सापडत नाही आणि न दाखवलेली नेमकी फुटते.

माझं मत विचाराल तर स्थानकाचं वेळापत्रक इथेच मोडतं, बोगद्यात नाही. जिथे वाहिन्या हलवण्याचं काम मुख्य कंत्राटाच्या आधीच हातावेगळं होतं, तिथे पुढचा गाडा बराच सुरळीत चालतो. तुमच्या नगरसेवकाला किंवा प्रभाग कार्यालयाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: या चौकातल्या ड्रेनेजचा पर्यायी मार्ग आखला आहे का?

९. खड्ड्यासाठी सुरुंग लावणार का? घराला काही होईल का?

कठीण कातळ असेल तर नियंत्रित स्फोट करतात. भोकं लहान, दारू थोडी थोडी, मिलिसेकंदांच्या फरकाने उडवलेली, आणि वर जाड चटया टाकलेल्या. घराला किती हादरा चालतो याच्या मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात आहेत. हादऱ्याच्या वारंवारितेनुसार साध्या राहत्या घराला सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंना त्याहून कडक, २ ते १०.

माणसाला हादरा याच्या कितीतरी आधी जाणवतो. कपाटातली भांडी वाजली म्हणजे घर धोक्यात आलं असं नाही. पण हादरा मोजणारं यंत्र तुमच्या इमारतीपाशी बसवा, अशी मागणी करणं आणि आकडे मागणं यात काही गैर नाही. जिथे स्फोटाला परवानगी नाही तिथे ब्रेकरने फोडतात. ते सुरक्षित, पण ती ठकठक दिवसभर ऐकावी लागते. दोन्हीपैकी काय बरं, यावर एकाच सोसायटीत दोन तट पडू शकतात.

१०. टीबीएम आमच्या घराखालून जाणार आहे. घर सोडावं लागेल का?

बहुधा नाही. चांगल्या दगडात यंत्र रोज काही मीटर पुढे सरकतं, त्यामुळे तुमच्या इमारतीखाली ते काही दिवसच असतं. रात्री शांततेत बारीक घरघर ऐकू येऊ शकते. इमारत फारच मोडकळीला आली असेल तर तात्पुरते टेकू देतात किंवा थोड्या दिवसांसाठी राहण्याची सोय करतात. अशी सोय लेखी घ्या, परतीच्या तारखेसकट.

११. भिंतीला तडा गेलाय. मेट्रोमुळे गेला हे कसं सिद्ध करायचं?

तडा गेल्यावर सिद्ध करणं कठीण. त्याआधीची तयारी महत्त्वाची.

काम सुरू होण्यापूर्वी मार्गालगतच्या इमारतींची पाहणी होते. फोटो काढतात, जुन्या तड्यांची नोंद करतात. पाहणी करणारे आले तर दार उघडा. ‘आमच्या घरात कोण कुठले येतायत’ म्हणून परत पाठवणारे नंतर पस्तावतात. अहवालाची प्रत मागून घ्या आणि त्यात नसलेला तडा तिथल्या तिथे दाखवून द्या.

स्वतःचीही नोंद ठेवा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. रुंदीसाठी तड्यावर स्टीलची पट्टी धरून फोटो काढा, उजेड एकाच बाजूने येईल असा. महिन्याने पुन्हा त्याच जागेवरून. तडा रेघेच्या पुढे सरकला तर तो जिवंत आहे. मग मेट्रोच्या लोकांकडून त्यावर मोजपट्टी लावून घ्या. प्लास्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या असतात, एकीवर चौकटी आणि दुसरीवर लाल फुली. फुली चौकटीवरून किती हलली, ते कोणालाही वाचता येतं.

दगडी जोत्याचा, वर लाकडी सांगाड्याचा आणि मातीच्या भिंतींचा वाडा असेल तर वेगळं लक्ष लागतं. असा वाडा थोडं वाकणं सहन करतो, पण एक कोपरा खचला की तुळईचं टोक भिंतीतून निसटतं. तिथे नुसत्या गिलाव्यावरच्या तड्यांकडे पाहून उपयोग नाही. तुळया जिथे टेकल्या आहेत त्या जागा तपासून घ्या.

१२. आवारात जुनी विहीर आहे, बुजवलेली. ती सांगायची का?

आवर्जून सांगा, लेखी. २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा अख्खा ट्रक जमिनीत गेला. तिथे जुनी विहीर होती, असं मेट्रोच्या बाजूने सांगण्यात आलं. पेठांत आणि जुन्या बागायती पट्ट्यांत अशा किती विहिरी फरशीखाली गेल्यात, याची धड यादी कुणाकडेच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांची आठवण इथे नकाशापेक्षा भरवशाची ठरू शकते.

चालू विहिरीचं किंवा बोअरचं पाणी खड्डा उपसताना खाली जाऊ शकतं, कारण कातळातलं पाणी भेगांमधून येतं आणि ती भेग खड्ड्यात उघडली की वाट बदलते. पाण्याची पातळी आधीपासून दर महिन्याला टिपून ठेवली असेल तर बोलायला जागा राहते.

१३. खोदताना जुनं काही सापडलं तर काम बंद पडतं का?

त्या कोपऱ्यातलं पडतं, सगळं नाही. २०१९ मध्ये स्वारगेटला खोदताना पाण्याचा जुना भुयारी मार्ग सापडला. त्याच वर्षी मंडईच्या खोदकामात मोठी हाडं निघाली, हत्तीची असावीत अशी, आणि ती पाहायला डेक्कन कॉलेजच्या तज्ज्ञांना बोलावलं गेलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणारी नळयोजना याच दिशेने आलेली आहे, तेव्हा कात्रज मार्गावर असं काही पुन्हा समोर येऊ शकतं.

निखात निधीचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. दहा रुपयांची मर्यादा अजून तीच आहे, म्हणजे सगळंच कळवावं लागेल.

१४. संरक्षित वास्तूजवळ स्थानक होऊ शकतं का?

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. हा नियम किती कडक आहे ते नगर रस्त्याच्या लोकांना ठाऊक आहे. आगाखान पॅलेसमुळे वनाझ-रामवाडी मार्ग कल्याणीनगरकडून वळवावा लागला. राज्य संरक्षित आणि महापालिकेच्या वारसा यादीतल्या वास्तूंचे नियम वेगळे आणि तुलनेने सैल आहेत.

१५. आमची जागा स्थानकाच्या दारासाठी जातेय. किती मिळणार?

बहुधा आधी वाटाघाटीने घ्यायचा प्रयत्न होतो: पैसे, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण). जमलं नाही तर २०१३ चा भूसंपादन कायदा. त्यात बाजारभाव, बांधकामाची आणि झाडांची किंमत, आणि त्यावर तितकंच सोलेशियम, म्हणजे जागा सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम. म्हणजे ढोबळमानाने शहरात बाजारभावाच्या दुप्पट. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवसांत हरकत घेता येते. हे दिवस जाऊ देऊ नका.

‘बाजारभाव’ म्हणजे शेजारच्या ब्रोकरने सांगितलेला आकडा नव्हे. सरकारी दरांचा तक्ता म्हणजे रेडी रेकनर आणि जवळपासचे नोंदलेले व्यवहार यांवरून तो निघतो. आपल्याकडे खरेदीखतात कमी किंमत दाखवायची जी जुनी खोड आहे, तिचा फटका इथे बसतो.

१६. आम्ही मालक नाही, पागडीचे भाडेकरू आहोत. आमचं काय?

या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ मालकापुरतं मर्यादित नाही. शहरात त्या जागेवर किमान तीन वर्षं राहणारं, किंवा तिथे तीन वर्षं पोट चालवणारं कुटुंबही त्यात येतं. पुरावा मात्र तुम्हाला द्यावा लागतो: भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड, शॉप अॅक्टचा परवाना, मतदार यादी. मालक आणि भाडेकरू यांचं वाकडं असेल तर मालक एकटाच वाटाघाटीला बसतो आणि भाडेकरूला मोजणीच्या दिवशी कळतं. भाडेकरूंनी एकत्र स्वतंत्र अर्ज देऊन पोच घ्यावी.

जागा वाटाघाटीने गेली तर ही संरक्षणं आपोआप लागू होतील असं गृहीत धरू नका. करारात भाडेकरूंचा उल्लेख आहे का, ते पाहा. पहिल्या टप्प्यात कामगार पुतळा वसाहतीतल्या लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला घरं मिळाली. घर पक्कं मिळालं, पण धुणीभांड्याची कामं शिवाजीनगरात राहिली. पुनर्वसनाची जागा ठरताना मुलांच्या शाळेचं आणि कामाचं अंतर नोंदीत आणणं म्हणून गरजेचं.

१७. दुकानासमोर दोन वर्षं पत्रे लागणार. धंद्याची भरपाई मिळते का?

जागा जात नसेल तर नुसत्या बसलेल्या धंद्याची भरपाई मिळणं अवघड आहे. पण पुढच्या गोष्टी मागता येतात आणि मिळतातही: पादचाऱ्यांना चालायला पुरेशी वाट, पत्र्यावर दुकानांची नावं, माल उतरवायला ठरावीक वेळ, रात्री दिवे. मंडई किंवा मार्केट यार्डासारख्या भागात पहाटेची मालाची आवक सांभाळणं हा सगळ्यात नाजूक मुद्दा असतो. सणाच्या आधी पत्रे जितके मागे घेता येतील तितके घ्यायला लावा.

१८. इतका दगड-माती जाते कुठे? रात्रभर हायवा डंपर चालतात.

समजा बॉक्स २०० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल आहे. म्हणजे सव्वा लाख घनमीटर कातळ. फोडल्यावर तो सुमारे दीडपट फुगतो. एका हायवात १५ घनमीटर धरले तरी साडेबारा हजार खेपा होतात, एकट्या स्थानकाच्या. दिवसा जड वाहनांना बंदी, म्हणून रात्री. चाकं धुवायची जागा साइटवर आहे का, गाडीवर ताडपत्री आहे का, हे बघा आणि नसेल तर फोटो काढून पाठवा.

१९. झाडं जाणार का?

जातील, बहुधा दारांच्या आणि शाफ्टच्या जागेवरची. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये बदल झाले. ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची असतात. म्हणून वय कमी दाखवलं जातंय का, यावर डोळा ठेवा. वडाचं आणि पिंपळाचं पुनर्रोपण बऱ्यापैकी जमतं, जुन्या गुलमोहराचं कठीण.

२०. पावसात पाणी आत शिरलं तर?

कात्रजवाल्यांना हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं, ते अरण्येश्वर आणि सहकारनगरच्या लोकांच्या भिंतींवर अजून दिसतं. पेठांची पूररेषा १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने ठरवून ठेवली आहे.

दाराचं जोतं नोंदलेल्या सर्वोच्च पूरपातळीच्या वर ठेवतात. म्हणून रस्त्यावरून आत जाताना आधी दोन-चार पायऱ्या चढायच्या आणि मग खाली उतरायचं, असा उलटा प्रकार दिसतो. दाराला पाणी अडवणाऱ्या फळ्या बसवायची सोय असते, आणि तळाशी टाकी व पंप. हवेचे शाफ्टही तेवढेच उंच लागतात. दार उंच केलं आणि जाळी रस्त्याच्या पातळीला ठेवली तर काय उपयोग? आराखडा पाहताना दोन्ही उंच्या तपासा.

२१. आग लागली तर इतक्या खालून बाहेर कसं यायचं?

स्थानकाची रुंदी आणि जिने बऱ्याच अंशी याच हिशोबाने ठरतात. एनएफपीए १३० या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकाप्रमाणे प्लॅटफॉर्म चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सगळ्यांत लांबचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचावा. धूर एका बाजूला ओढायला मोठे पंखे असतात, बोगद्यांना जोडणारे आडवे रस्ते असतात.

जिल्हा न्यायालय स्थानक ३३.१ मीटर खोल आहे. तिथे वरून थेट सूर्यप्रकाश खाली येईल अशी रचना केली आहे. ती देखणी तर आहेच, पण खाली गेलेल्या माणसाला वर कुठल्या दिशेला जायचं हेही तिच्यामुळे कळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंडई स्थानकात मध्यरात्री काम चालू असताना फोमला आग लागली. प्रवासी नव्हते, कोणी जखमी झालं नाही. पण उरलेलं काम चालू असलेल्या स्थानकात ज्वलनशील सामान पडून राहता कामा नये, एवढं त्यातून दिसलं.

२२. दार रस्त्याच्या आमच्या बाजूला नाही. नंतर करून मिळेल का?

नंतर करणं फार महाग पडतं (प्रश्न ५ पाहा). पण बॉक्सच्या भिंतीत भविष्यातल्या दारासाठी ‘फोडता येईल असा भाग’ ठेवून देता येतो. त्याचा खर्च किरकोळ असतो. पहिल्याच टप्प्यात दार मिळत नसेल तर निदान एवढं तरी पदरात पाडून घ्या. सातारा रस्त्यासारखा रुंद रस्ता जमिनीवरून ओलांडणं म्हाताऱ्यांना जमत नाही. दोन्ही बाजूंना दार असेल तर स्थानक तिकीट न काढणाऱ्यांनाही भुयारी मार्ग म्हणून उपयोगी पडतं. तशी मुभा असेल का, गेट कुठे लागणार, हेही विचारा. लिफ्ट मात्र एकाच बाजूला देऊन मोकळे होण्याकडे कल असतो. ती कुठल्या बाजूला हवी ते आताच सांगा.

२३. ‘बोगदा पूर्ण’ अशी बातमी आली, मग गाडी का सुरू नाही?

पहिल्या टप्प्यात शेवटचा बोगदा जून २०२२ मध्ये आरपार झाला. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी सुरू झाली २९ सप्टेंबर २०२४ रोजी. मधली सव्वादोन वर्षं स्थानकांनी घेतली, आणि त्यासोबत रूळ, विजेची तार, सिग्नल, पंखे, सरकते जिने यांनी. सगळ्यात शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. ते केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. बांधणारा आणि तपासणारा एकाच खात्यातला नसावा, हा त्यामागचा हेतू. त्यांच्या दाखल्याशिवाय प्रवासी नेता येत नाहीत.

कात्रज मार्गाला मंजुरीच्या वेळी फेब्रुवारी २०२९ ही मुदत दिली होती. तेव्हा तीनच स्थानकं होती, हे लक्षात ठेवून तारखेकडे बघा.

२४. ‘तात्पुरतं’ हलवलेलं बसस्थानक, बाजार, रिक्षा थांबा परत येतो का?

शिवाजीनगरचं एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला गेलं. तिथलं भुयारी मेट्रो स्थानक १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालं, तरी एसटी वाकडेवाडीहूनच सुटत राहिली. जागा रिकामी करून देणं एका खात्याचं, परत बांधणं दुसऱ्याचं आणि पैसे तिसऱ्याचे, असं असलं की असंच होतं. करारात परतीची तारीख, बांधणारा आणि खर्च करणारा या तीनही गोष्टी लिहिल्या आहेत का, ते हलवण्याच्या आधी पाहा. हलवल्यानंतर विचारणाऱ्याला प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचा पत्ता मिळतो.

२५. मेट्रो झाल्यावर आमची सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे. अडचण येईल का?

स्थानकापासून ५०० मीटरच्या पट्ट्यात अटी पाळून चारपर्यंत एफएसआय देण्याची तरतूद आहे, म्हणून बिल्डर आधीच चकरा मारतायत. पण प्लॉट थेट बोगद्याच्या वर किंवा बॉक्सला लागून असेल तर पायाचं डिझाइन मेट्रोला दाखवून ना-हरकत घ्यावी लागते. खोल बेसमेंट, पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) आणि बोअरवेल या तीन गोष्टींवर मर्यादा येऊ शकतात. पार्किंग दोन मजले जमिनीखाली दाखवून कोणी प्रस्ताव आणला असेल तर सही करण्याआधी त्याच्याकडून बोगद्याची खोली आणि प्लॉटपासूनचं अंतर मागा. नकाशावर दाखवता येत नसेल तर तो प्रस्ताव परत पाठवा.